उंटावरचे शहाणपण आणि तज्ज्ञांची विश्वासार्हता : कृष्णाकाठच्या अनुभवांची चिकित्सा

प्रस्तावना

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट मराठी मुलखात सर्वश्रुत आहे. वासराचे डोके रांजणात अडकते. गावकरी परगावच्या शहाण्याला बोलावतात. शहाणा उंटावरून उतरायला तयार नसतो, म्हणून त्याला आत घेण्यासाठी वेशीची भिंत पाडावी लागते. तो वासराची मान कापण्याचा सल्ला देतो आणि डोके तरीही रांजणातच राहिले तेव्हा रांजण फोडायला सांगतो. गोष्ट ऐकणारा शहाण्याला हसतो. परंतु या कथेत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. गावकऱ्यांनी त्या माणसाला शहाणा कशावरून मानले? त्याने पूर्वी एखादे वासरू सोडवल्याचे कथेत कोठेही सांगितलेले नाही. तो उंटावर बसलेला होता, एवढेच त्याचे प्रमाणपत्र.

आधुनिक समाजात उंटाची जागा पदवी, पद आणि समितीचे सदस्यत्व यांनी घेतली आहे. धरणाची उंची, औषधाची मात्रा, भूकंपप्रवणतेचा नकाशा, अभ्यासक्रमाची चौकट या सर्व बाबतींत सामान्य नागरिक स्वतः निर्णय करू शकत नाही. त्याला कोणावर तरी विसंबावे लागते. असे विसंबणे हा त्याचा दुबळेपणा नसून श्रमविभागणीचा स्वाभाविक परिणाम आहे. तथापि, ज्यांच्यावर विसंबायचे त्यांची पात्रता पदवीने सिद्ध होते काय, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही ठळक अनुभवांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. तज्ज्ञ विश्वासास पात्र ठरतो तो त्याचे प्रतिपादन इतरांना तपासता येते म्हणून आणि चूक झाल्यास तो ती उघडपणे दुरुस्त करतो म्हणून. पदवी ही केवळ त्या तपासणीची पहिली पायरी होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पदवी आणि ज्ञान : संकल्पनेची फोड

पदवी म्हणजे एका संस्थेने विशिष्ट वेळी दिलेली ग्वाही. ती धारकाने काय शिकले हे सांगते. त्याने नंतर काय विसरले किंवा कोणत्या प्रश्नाला हात घालू नये, हे सांगत नाही. महाविद्यालयीन अध्यापकवर्गाला याचा दाखला शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००६ मध्ये पदवीस्तरावरील अध्यापनासाठी एम.फिल. धारकांना नेट परीक्षेतून सूट दिली आणि २००९ मध्ये ती काढून घेतली. पुढे २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच बंद झाली. या सोळा वर्षांत एम.फिल. धारकांच्या ज्ञानात अधिसूचनेच्या तारखेगणिक चढउतार झाला, असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो त्या कागदाचा प्रशासकीय अर्थ. संशोधनपत्रिकांच्या बाबतीतही तेच घडले. २०१८ मध्ये स्थापन झालेली यूजीसी-केअर सूची २०२५ मध्ये बंद करण्यात आली. सूचीत असताना जो लेख प्रमाण मानला गेला, तो सूची बंद झाल्यावर अप्रमाण होत नाही आणि सूचीत होता एवढ्यावरून तो मुळात प्रमाणही ठरत नव्हता.

ब्रिटिश अभ्यासक हॅरी कॉलिन्स व रॉबर्ट इव्हान्स यांनी २००२ मध्ये मांडलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. एखाद्या क्षेत्रात प्रत्यक्ष भर घालू शकणारी तज्ज्ञता वेगळी आणि त्या क्षेत्राची भाषा जाणून जाणकारांशी अर्थपूर्ण चर्चा करण्याची तज्ज्ञता वेगळी. त्यांच्या मते प्रदीर्घ अनुभवातून आलेली, परंतु प्रमाणपत्र नसलेली तज्ज्ञताही खरी असते. याउलट, एका क्षेत्रातील पदवी दुसऱ्या क्षेत्रात मत देण्याचा अधिकार देत नाही. हा दोष प्राचीन आहे. आपापल्या कलेत निपुण असलेले कारागीर त्या निपुणतेच्या बळावर इतर सर्व बाबतींतही स्वतःला ज्ञानी समजतात, असे सॉक्रेटिसाने अथेन्सच्या न्यायसभेपुढे सांगितल्याचे प्लेटोने नोंदवले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी राजकीय व आर्थिक घडामोडींवर भाष्य करणाऱ्या २८४ तज्ज्ञांची ८० हजारांहून अधिक भाकिते सुमारे दोन दशके तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तज्ज्ञांची कामगिरी निराशाजनक आढळली. आणि ज्याची प्रसिद्धी अधिक, त्याची भाकिते अधिक चुकीची, असेही दिसून आले. परंतु या निष्कर्षाची व्याप्ती मर्यादित आहे. तो राजकीय भाकितांविषयीचा आहे. पुलाचा गर्डर किती भार पेलेल, हे सांगणाऱ्या अभियंत्याला तो लागू करता येत नाही. ज्या क्षेत्रात चुकीचे उत्तर लवकर आणि स्पष्टपणे उघडे पडते, तेथे तज्ज्ञता घडते. जेथे चूक कधीच पदरात पडत नाही, तेथे केवळ आत्मविश्वास वाढतो.

कोयना : चुकलेला नकाशा आणि दुरुस्त झालेले शास्त्र

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसर ६.३ रिश्टरच्या भूकंपाने हादरला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर मानले जात होते. भारतीय मानकाच्या १९६२ व १९६६ च्या नकाशांत हा प्रदेश चक्क 'शून्य' विभागात होता. वस्तुतः जलाशय भरू लागल्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले होते आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने तेथे नोंदयंत्रेही बसवली होती. म्हणजे जमीन एक सांगत होती आणि नकाशा दुसरे सांगत होता.

या घटनेतून 'तज्ज्ञ चुकतात, म्हणून ते निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; पण तो अपुरा आहे. धरणाच्या आरेखनात भूकंपाच्या बळासाठी गुरुत्वाच्या ०.०५ इतकी तरतूद अभियंत्यांनी केलेली होती. प्रत्यक्ष धक्का तिच्या कितीतरी पट मोठा होता. धरणाच्या वरच्या भागात भेगा पडल्या, परंतु धरण फुटले नाही. नंतर त्याचे मजबुतीकरण झाले. १९७० च्या मानकात शून्य विभाग रद्द झाला आणि कोयना चौथ्या विभागात गेली. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो काय, या प्रश्नावर शास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला. त्या वादातूनच कोयना हे जलाशयप्रेरित भूकंपाच्या अभ्यासाचे जगातील एक प्रमुख स्थळ बनले. कराडनजीक हजारमाची येथे केंद्र शासनाची संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि भूगर्भाच्या निरीक्षणासाठी कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले.

म्हणजे शास्त्राने आपली चूक मान्य केली, नोंदवली आणि तिचाच अभ्यासविषय केला. मांत्रिक किंवा भविष्यवेत्ता हे कधीही करत नाही. मात्र या दुरुस्तीला एक मर्यादा होती. ती कोयनेपुरती झाली. 'स्थिर पठार' या गृहीतकाचा धडा पुरता घेतला गेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागही रद्द करून दुसऱ्यात विलीन करण्यात आला. दोन्ही वेळा नकाशा दुरुस्त झाला तो माणसे गेल्यानंतर. तज्ज्ञांवरील विश्वासाचे मोजमाप करताना 'ते चुकतात काय' यापेक्षा 'चुकीची किंमत कोण मोजतो आणि ती दुरुस्त व्हायला किती काळ लागतो' हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

महापूर : उत्तर कोणत्या प्रश्नाचे?

कोयनेतून सोडलेले पाणी ज्या नदीत येते, तिच्या काठावर सांगली वसली आहे. तेथील आयर्विन पुलावरील पाण्याची पातळी हे पावसाळ्यातील सार्वजनिक ज्ञान होय. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. हे आकडे शाळकरी मुलालाही पाठ असतात. २००५ मध्ये ही पातळी ५३ फुटांपलीकडे, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांपलीकडे गेली. ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांची मर्यादा ओलांडली गेली. सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून एकच महानगरपालिका असली, तरी नदीकाठापासून दूर असलेल्या कुपवाडच्या रहिवाशाचा आणि गावभागातील रहिवाशाचा पुराचा अनुभव सारखा नाही. घर कोठे बांधावे, दुकान कोठे थाटावे, हे निर्णय येथे तज्ज्ञांच्या रेषांवर अवलंबून असतात.

२०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्र शासनाने जलसंपदा विभागाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे २०२० मध्ये सादर झालेल्या अहवालाने अलमट्टी व हिप्परगी येथील जलसाठ्यांमुळे सांगली-कोल्हापूरचा पूर आला नाही, असा निष्कर्ष दिला. अतिवृष्टी व नदीपात्रातील अडथळे यांवर भर दिला. कृष्णाकाठच्या अनेक नागरिकांना आणि काही निवृत्त अभियंत्यांना तो पटला नाही. पुढे अलमट्टीच्या फुगवट्याचा अभ्यास रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे सोपवण्यात आला आणि २०२५ मध्ये अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास महाराष्ट्र शासनाने कर्नाटककडे लेखी हरकत घेतली.

शासनाच्याच समितीने निर्दोष ठरवलेल्या धरणाला शासनाचाच विरोध, अशी विसंगती वरवर पाहता दिसते. बारकाईने पाहिल्यास येथे तीन भिन्न प्रश्न एकत्र झाले आहेत. सध्याच्या उंचीमुळे पुराची शिखरपातळी वाढली काय, हा पहिला. शिखर आले नाही तरी पाणी ओसरण्यास विलंब झाला काय, हा दुसरा. वाढीव उंचीमुळे भविष्यात काय होईल, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असले, तरी उरलेल्या दोहोंचे उत्तर त्यातून आपोआप निघत नाही. शेतकऱ्याची मुख्य तक्रार पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाची असते. कारण ऊस दोन दिवस पाण्यात राहिला तर तगतो, आठ दिवस राहिला तर कुजतो. बहुखंडी अहवाल जनतेपर्यंत मात्र एका वाक्यात पोहोचला आणि ते वाक्य तिन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून वाचले गेले. या गोंधळाची जबाबदारी वार्तांकनावर ढकलून तज्ज्ञांना मोकळे होता येणार नाही. आपले उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे आणि कोणत्या प्रश्नाचे नाही, हे सांगणे हा तज्ज्ञतेचाच भाग होय.

दुसरा मुद्दा रचनेचा आहे. पुराच्या चर्चेत धरणांतील जलाशय परिचालन हा कळीचा विषय असतो. ते परिचालन ज्या खात्याकडे, त्याच खात्याचे निवृत्त सचिव चौकशीच्या अध्यक्षस्थानी असतील, तर निष्कर्ष चुकीचा ठरतो असे नाही. समितीच्या गणिताचे खंडन गणितानेच करावे लागेल. परंतु विश्वास ही केवळ गणिताची बाब नाही. न्यायदानाप्रमाणे तज्ज्ञमतही निःपक्षपाती असावे लागते आणि तसे दिसावेही लागते.

तिसरा मुद्दा भाषेचा. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आखली जाते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ सामान्य माणूस 'आता आपल्या हयातीत नाही' असा घेतो. शास्त्रीय अर्थ असा की, कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते. गणित केल्यास तीस वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. म्हणजे लाल रेषेलगत घर घेणाऱ्याच्या गृहकर्जाचे हप्ते संपण्यापूर्वी पाणी दारात येण्याची शक्यता चारास एक. हेही पाऊसमान व नदीपात्र पूर्वीसारखे राहिले तरच. तज्ज्ञाने बरोबर आकडा दिला. पण ऐकणाऱ्याने त्याचा उलटा अर्थ घेतला आणि तज्ज्ञाने तो दुरुस्त केला नाही, तर त्या बरोबर आकड्याचा उपयोग काय?

असाच पेच इंग्लंडच्या कंब्रिया भागात निर्माण झाला होता. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर तीन आठवड्यांपुरते निर्बंध घालण्यात आले. किरणोत्सार लवकर ओसरेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. तो चिकणमातीच्या जमिनीवरील निरीक्षणांतून बांधलेला होता. कंब्रियाच्या डोंगराळ, आम्लधर्मी जमिनीत सीझियम वेगळ्या रीतीने वागले. काही कुरणांवरील निर्बंध २०१२ पर्यंत टिकले. मेंढपाळांच्या स्थानिक ज्ञानाची दखल घेतली गेली नाही आणि त्यामुळे तज्ज्ञांची पत गेली, असे ब्रायन विन यांनी दाखवून दिले. प्रतिमान चुकले यापेक्षा ते निश्चित स्वरात सांगितले गेले, हे अधिक घातक ठरले.

बळीराजा धरण : उंटावरून उतरलेला अभियंता

या पार्श्वभूमीवर खानापूर तालुक्यातील येरळा नदीवरील बळीराजा स्मृती धरणाचे उदाहरण वेगळे उठून दिसते. १९८० च्या दशकात दुष्काळ आणि नदीतील बेसुमार वाळूउपसा यांविरुद्ध मुक्ती संघर्ष चळवळीने आंदोलन उभारले. बलवडी व तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी मर्यादित वाळू विकून त्या पैशातून लहान धरण बांधण्याचा संकल्प केला. शासकीय परवानगीसाठी त्यांना संघर्ष करावा लागला. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान पाणी, हे या धरणाचे सूत्र होते.

या उदाहरणाचा उल्लेख पुष्कळदा 'तज्ज्ञांविना लोकांनी बांधलेले धरण' असा केला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीला के. आर. दाते यांच्यासारख्या अनुभवी अभियंत्याचे मार्गदर्शन लाभले होते. तेव्हा येथे तज्ज्ञता नाकारली गेली नाही, तिचे स्थान बदलले. उद्दिष्ट लोकांनी ठरवले; ते साध्य कसे होईल, हे अभियंत्याने सांगितले. पाणी किती व कोणाला, हा प्रश्न न्यायाचा असल्याने तो अभियंत्याच्या पदवीच्या कक्षेत येत नव्हता. बांध कसा टिकेल, हा प्रश्न तांत्रिक असल्याने तो सभेत हात वर करून सुटणारा नव्हता. दोन्ही बाजूंनी आपली हद्द ओळखली. उंटावरच्या शहाण्याच्या कथेत नेमके हेच घडत नाही. तो उतरत नाही आणि गावकरीही त्याला उतरायला सांगत नाहीत.

अविश्वासाची दुसरी बाजू

तज्ज्ञांची चिकित्सा करताना एक धोका डोळ्यांआड करता येत नाही. पदवीधारकावरचा विश्वास उडाला की त्याची जागा बहुधा विवेक घेत नाही, दुसरी श्रद्धा घेते. मिरज तालुक्यातील म्हैसाळ या एकाच गावाने याची दोन्ही टोके पाहिली आहेत. मार्च २०१७ मध्ये तेथे होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरच्या रुग्णालयाशी संबंधित बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले. ओढ्यालगत पुरलेले १९ भ्रूण सापडले. भिंतीवरची पदवी तेथे संरक्षण ठरण्याऐवजी आडोसा ठरली. जून २०२२ मध्ये त्याच गावात एका कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत आढळले. प्रथम सामूहिक आत्महत्येचा संशय होता. नंतर गुप्तधनाच्या आमिषातून मांत्रिकाने विष दिल्याचा निष्कर्ष पोलिसांनी काढला. हे कुटुंब अशिक्षित नव्हते.

पहिल्या घटनेवरून 'डॉक्टरांवर विश्वास ठेवू नये' असे म्हणणाऱ्याला दुसरी घटना उत्तर देते. पदवीधर डॉक्टरच्या गैरकृत्यावर कायदा, वैद्यकीय परिषद, नोंदवह्या यांचे काही ना काही नियंत्रण असते. ते ढिले पडले हा दोष. मांत्रिकावर असे नियंत्रण मुळात नसतेच. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वैद्यकाची पदवी घेऊनही लोकांना आपल्या पदवीवर नव्हे, तर कार्यकारणभावावर विश्वास ठेवायला सांगितले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. चिकित्सा आणि अविश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. चिकित्सक माणूस पुरावा मागतो आणि तो मिळाल्यावर मत बदलतो. अविश्वासी माणूस पुरावा मिळाल्यावरही जागचा हलत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पदवी ही तज्ज्ञतेची आवश्यक खूण असू शकते, परंतु ती विश्वासाचा पुरेसा आधार नाही. कोयनेच्या अनुभवातून दिसते की शास्त्राचे सामर्थ्य अचूकतेपेक्षा दुरुस्तीत आहे; मात्र दुरुस्तीची वाट पाहताना किंमत सामान्य माणूस मोजतो, म्हणून अनिश्चितता आधी सांगणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य ठरते. महापुराच्या वादातून दिसते की उत्तराची व्याप्ती स्पष्ट न केल्यास बरोबर उत्तरही अविश्वासाला कारण होते. बळीराजा धरणातून दिसते की उद्दिष्ट आणि साधन यांची हद्द नीट आखली, तर तज्ज्ञ आणि जनता यांच्यात सहकार्य शक्य असते.

या चिकित्सेतून अध्यापकवर्ग स्वतःला वगळू शकत नाही. वर्गात बसलेला विद्यार्थी अध्यापकाचे म्हणणे मान्य करतो, ते प्रामुख्याने तो व्यासपीठावर उभा आहे म्हणून. शोधनिबंधाचे समीक्षण होते ते पुष्कळदा पदनाम पाहून. विद्यार्थ्याने 'हे कशावरून?' असे विचारल्यावर ज्याला तो उद्धटपणा वाटतो, त्याने समितीच्या अहवालावर शंका घेणाऱ्या नागरिकाची बाजू घेण्याचा अधिकार गमावलेला असतो. तज्ज्ञांवर डोळस विश्वास ठेवणारा समाज घडवायचा, तर त्याची सुरुवात वर्गातल्या त्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देण्यापासून होते. आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा तसे सांगण्यापासून. आयर्विन पुलावरची पातळीची पट्टी कोणाची पदवी विचारत नाही. ती कोणालाही वाचता येते. तज्ज्ञांचे म्हणणे त्या पट्टीइतके सुलभ होणार नाही, हे खरे. पण ते त्या दिशेने जितके जाईल, तितका विश्वास त्याला मागावा लागणार नाही.